पटसंख्येवर आधारित अनुदान आणि जालना जिल्ह्यातील लहान शाळा

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने (१९६४-६६) केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ६ टक्क्यांचेच उद्दिष्ट पुन्हा आले. या आकड्याची चर्चा प्राध्यापकवर्गात वारंवार होते. वाडी-तांड्यावरील शाळेपर्यंत पैसा कोणत्या सूत्राने पोहोचतो याची मात्र क्वचितच. प्रस्तुत लेखात त्या सूत्राचा विचार केला आहे.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या सुधारित आराखड्यात शाळेच्या किरकोळ खर्चासाठी संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे. त्याची रक्कम पटावर ठरते. पट ३० पर्यंत असल्यास वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असल्यास २५,००० रुपये. यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चावी लागते. म्हणजे लहान शाळेच्या हाती दरमहा ७५० रुपये उरतात. खडू, नोंदवह्या, वीजबिल, नळदुरुस्ती हे सारे त्यातच. एकतिसाव्या मुलाचा दाखला निघाला की १५,००० रुपये कमी होतात. छप्पर मात्र पूर्वीइतकेच गळते.

जालना जिल्ह्यात या सूत्राला आणखी एक पैलू आहे. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. शिक्षकांच्या संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो, टोळ्या निघतात त्यानंतर. त्यामुळे कागदावरील पट व वर्गातील उपस्थिती यांचा मेळ पुढे कित्येक महिने बसत नाही, आणि रिकामे वर्ग पाहून शाळा ‘अव्यवहार्य’ ठरविणे सोपे जाते.

सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार शिक्षण विभागाने पुढे आणला. तोरणमाळ व पानशेत येथील प्रयोगांचा दाखला त्यासाठी देण्यात आला. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक व प्रयोगशाळा मिळू शकते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि आजीजवळ ठेवलेले मूल गावातील शाळेच्या आधारानेच मागे राहते. हंगामी वसतिगृहाची व्यवस्थाही त्याच शाळेभोवती उभी असते. ती शाळा मिटल्यास मुलगी बसने दूरच्या शाळेत जाईल की आईवडिलांबरोबर फडावर, याचे उत्तर ऊसतोड कुटुंबांशी परिचय असलेल्यास वेगळे सांगावे लागत नाही.

यास्तव अनुदानाचे दोन भाग करावेत: इमारत, वीज व पाणी यांसाठी पटनिरपेक्ष ठरावीक रक्कम आणि शैक्षणिक साहित्यासाठी प्रतिविद्यार्थी रक्कम.