धनुष्य कोणाच्या हाती?

वर्धा रोडवरून जाताना मध्यवर्ती कारागृहाची भिंत दिसली, की मला ३० जुलै २०१५ ची पहाट आठवते. मध्यरात्रीनंतर दिल्लीत सर्वोच्च न्यायालय बसले, युक्तिवाद झाले, आणि सकाळी सातच्या आत इथे याकूब मेमनला फाशी झाली.

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील स्फोटांत २५७ माणसे गेली. बॉम्ब पेरण्यासारख्या प्रत्यक्ष कृतीत सामील असलेल्या दहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी जन्मठेपेत बदलली. ते केवळ बाण. याकूब आणि फरारी आरोपी हे धनुर्धर, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. पैसा, प्रवासाची तिकिटे, वाहने यांची व्यवस्था त्याने केली, म्हणून तो सूत्रधारांपैकी एक ठरला. बचाव पक्षाचे म्हणणे, तो चार्टर्ड अकाउंटंट. कर्ताकरविता त्याचा फरारी भाऊ टायगर.

पुरावा कशाचा? बराचसा सहआरोपींच्या कबुलीजबाबांचा, जे त्यांनी पुढे नाकारले. एरवी पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. ‘टाडा’त वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची चालत असे. तो कायदा १९९५ मध्येच संपला.

स्फोटात घरचे माणूस गमावलेल्यांपुढे मी याकूबची वकिली करणार नाही. पण हिशेब ठेवणारा आणि हुकूम देणारा यांतले अंतर जन्मठेप आणि फाशी यांच्याएवढे असेल, तर ते मोजण्याची फूटपट्टी तरी निर्विवाद हवी. चुकलेली जन्मठेप सुधारता येते. फाशीचे तसे नाही.