आडवाटेची बारव

मे महिन्याची सुट्टी लागली की आपल्या सीमाभागातील घरे भावंडांनी भरून जातात. धारवाड-हुबळीकडची कन्नड शाळेतली, बेळगाव-खानापूरची मराठी शाळेतली आणि पुण्या-बंगळूरची इंग्रजी माध्यमातली. पत्ते, कॅरम आणि व्यापार खेळून झाला की चौथ्या दिवशी ‘आता काय करू?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. आमच्या घरी त्यावर एक उपाय निघाला आहे, तो म्हणजे गोष्टीचा खेळ.

खेळ मूळचा अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने बाजारात आला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तुम्ही काय करता?’ जमेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. वीस बाजूंचा फासा मिळाला तर उत्तम, नाहीतर ल्यूडोचे दोन फासेही चालतात. डन्जन म्हणजे खरे तर किल्ल्यातील अंधारकोठडी; पण खेळात भुयार, तळघर, ओसाड वाडा, आटलेली विहीर अशा सगळ्यांनाच हा शब्द लागतो.

आमची गोष्ट घडते माळव्यात, धार आणि देवासच्या मुलखात. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांचे त्या मुलखाशी नाते आहे. अठराव्या शतकात पवारांनी तिथे आपल्या गाद्या स्थापल्या हे आपण शाळेत शिकतो. पण त्यापूर्वी सुमारे सातशे वर्षे, भोजराजाच्या काळात, कल्याणीच्या चालुक्यांचा सोमेश्वर धारेवर चालून गेला होता, हे किती जणांना ठाऊक असते? देवासला तर तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजवाडे आणि दोन कारभार! सीमाभागात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागली नाही.

काळ घेतला १७७४ चा, बारभाईंच्या कारस्थानाचा. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या आणि तिथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. आमची मुले झाली जासूद. देवासहून निघून एक बंद थैली धारच्या किल्ल्यात पोहोचवायची, एवढेच काम. अंतर शंभरेक किलोमीटर. या वाटेच्या आजूबाजूला मी चार-पाच जागा पेरून ठेवतो, आणि खेळाची सगळी गंमत त्या जागांत असते. तिथे गेलेच पाहिजे असे मात्र नाही.

आणि नेमके तिथेच घोडे अडते. मुले सरळ रस्ता सोडत नाहीत. ‘डाव्या हाताला झाडीत एक जुनी बारव दिसते आहे,’ असे मी सांगतो, आणि पुण्याचा पुतण्या विचारतो, ‘काका, मुख्य कामाला तिचा उपयोग आहे का?’ हा सूर आपण सर्वांनी ऐकला आहे. ‘सर, हे परीक्षेला आहे का?’

बक्षीस कशाला, तशी पावले

गंमत म्हणजे हा प्रश्न मुलांच्या आळसाचा नाही, हिशेबाचा आहे. मूळच्या खेळात तळघरातून सोने बाहेर आणले की त्या मापाने अनुभवाचे गुण मिळत. साहजिकच खेळाडू आपणहून अंधारात शिरत, कोपरान् कोपरा धुंडाळत. आता अनेक ठिकाणी कथेचा टप्पा पूर्ण झाला की सगळ्यांनाच बढती देतात. मग आडवाटेला जाऊन जखमी कोण होणार? ज्याला गुण, त्याचाच अभ्यास, हा न्याय खेळातही लागू पडतो.

यावर सोपा उपाय म्हणजे बारवेत मोहरांचा हंडा ठेवणे. एकदा चालतो. दुसऱ्या वेळी मुले हंड्यासाठीच जातात, हंडा उचलतात आणि भिंतीकडे न पाहता परत येतात. त्यापेक्षा पुढील गोष्टींचा अधिक उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

आधी कानावर, मग डोळ्यांसमोर

जी जागा अचानक समोर येते तिच्याबद्दल कुतूहल नसते. हा खेळ खेळवणाऱ्यांत एक नियम रूढ आहे, महत्त्वाची गोष्ट तीन ठिकाणी सांगावी. म्हणून बारवेचा उल्लेख आधी देवासच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला आलेली म्हातारी करते, मग धर्मशाळेतला भटारी आणि शेवटी एक गुराखी, आणि तिघांच्या सांगण्यात थोडा फरक असतो. खरे कोणाचे, यावरून मुलांत वाद सुरू झाला की माझे अर्धे काम झाले.

दुसरे, मुलांना सवड द्यावी. ‘उद्या सूर्योदयापूर्वी थैली पोहोचली नाही तर अनर्थ’ असे सांगून ठेवल्यावर कोण बारवेत डोकावेल? इंदूरहून धारकडे जाताना चंबळ आडवी येते. उगम जवळच असल्याने ती तिथे लहान असते. तरी मी परतीचा पाऊस पाडतो आणि नदीला पूर आणतो. दोन दिवस उतार नाही. आता बसून काय करणार?

प्रश्न ज्याचा त्याचा

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. खेळ सुरू करण्यापूर्वी मी प्रत्येकाला विचारतो, ‘तुझ्या पात्राचे काय हरवले आहे?’ धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले. माझ्या थोरल्या पुतणीने आपल्या पात्राचे वडील त्यांच्या पथकात घातले. गेले ते परतलेच नाहीत. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, दोन वर्षांपूर्वी गेली. मी काही बोललो नाही.

मांडू धारपासून पस्तीसेक किलोमीटर पुढे, म्हणजे कामाच्या वाटेवर नाहीच. तिथल्या चंपा बावडीला लागून असलेली तळघरे खरी आहेत, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून बांधलेली. ‘पानिपताहून परतलेला एक बारगीर तिथे एकटा राहतो’ एवढीच वदंता मी सोडली. थैली पोहोचली, काम संपले, बाकीची पोरे जेवायला उठली. ही उठली नाही. ‘काका, मी मांडूला जाते. एकटी गेले तरी चालेल.’ मग पुण्याचा पुतण्याही परत येऊन बसला, उपयोग न विचारता. म्हाताऱ्या बारगिराला तिने एकच प्रश्न विचारला, ‘शेवटी त्यांना कोणी पाणी दिलं का?’ उत्तर द्यायला मला वेळ लागला.

बारवेचेही तसेच. आमची बारव कल्पनेतली. तिच्यात मी सोमेश्वराच्या सैन्यातील एका शिपायाचा वीरगळ ठेवला होता. वीरगळ म्हणजे वीराचा कल्लु, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. त्यावरचा मजकूर मी पुठ्ठ्यावर कन्नडमध्ये लिहिला होता. मराठी भावंडांच्या गलक्यात गप्प बसणारा धारवाडचा भाचा पुढे सरकला. ‘मामा, इल्ली एनो बरदैती!’ बाकीच्या चौघांना अक्षरही लागेना. त्या दुपारी सगळे त्याच्याभोवती जमले. किल्ल्याकडे जाणारी जुनी वाट त्या दगडावर लिहिली होती. वाचली नसती तरी थैली पोहोचली असती, पण पहारेकऱ्यांच्या हातून सुटताना दोघे जायबंदी झाले असते.

न जाण्याची मुभा

शेवटचे पथ्य म्हणजे ढकलू नये. जिथे गेलेच पाहिजे ती आडवाट कसली? मुले गेली नाहीत तर ती जागा तशीच राहू द्यावी, आणि पुढे कधीतरी तिची बातमी कानावर घालावी, ‘ती बारव यंदाच्या पावसात ढासळली म्हणे.’ एवढे पुरते.

देवासचे नाव निघाले की मला सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आठवतात. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे आपल्याच जिल्ह्यातले कन्नड घरचे मूल. क्षयाच्या दुखण्यामुळे १९४८ मध्ये ते देवासला गेले. गाणे बंद झाले, काही वर्षे अंथरुणावर गेली. त्या दिवसांत माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे ती त्यांनी जमवली आणि लोकधुनांमधून नवे राग बांधले. आजाराने थांबवले हे खरे, पण पडल्या पडल्या ऐकत राहण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती.

आपल्या घरांतही दोन भाषांपैकी एक शाळेची असते आणि दुसरी ऐच्छिक. गुण मिळत नाहीत म्हणून ती हळूहळू सुटते. मुलांना त्यावर व्याख्यान देण्यापेक्षा अज्जीच्या ट्रंकेतले एखादे जुने कन्नड किंवा मोडी पत्र काढून ठेवावे. कोणाचे, हे सांगू नये. दोन-तीन वेळा त्याचा विषय मात्र काढावा, आणि वाट पाहावी.