मुंबईतील नाटके व मैफलींची स्वस्त तिकिटे

मुंबई व तिच्या उपनगरांत सादर होणारी नाटके, एकांकिका, शास्त्रीय व सुगम संगीताच्या मैफली आणि मोठ्या मैदानांवरील संगीतसभा यांना कमी खर्चात प्रवेश मिळवण्याचे अनेक अधिकृत मार्ग उपलब्ध आहेत. न्यू यॉर्कमध्ये १९७३ पासून आणि लंडनमध्ये १९८० पासून त्या त्या दिवशीची न विकली गेलेली तिकिटे सवलतीच्या दरात विकणारी मध्यवर्ती खिडकी आहे. मुंबईत अशी व्यवस्था नाही. येथील स्वस्ताईची कारणे निराळी आहेत. महापालिकेच्या मालकीची नाट्यगृहे, नाटकांचे फिरते प्रयोग, वस्तू व सेवा करातील सवलतीची मर्यादा, नाट्यस्पर्धा आणि सार्वजनिक उत्सवांची परंपरा ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यामुळे प्रयोगांचे वेळापत्रक, नाट्यगृहाची रचना आणि तिकीटविक्रीची पद्धत यांची माहिती असणे येथील प्रेक्षकाला विशेष उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

मुंबईत ग्रँट रोड येथील नाट्यगृह १८४६ मध्ये उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेट यांचा त्यात पुढाकार होता. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तेथे तिकीट लावून नाट्यप्रयोग केले. त्यापूर्वी नाटक हे प्रामुख्याने राजाश्रयावर अवलंबून होते. तिकिटामुळे ते पैसे देणाऱ्या कोणाही माणसासाठी खुले झाले आणि त्याचबरोबर पैसे नसणाऱ्याला बंदही झाले. आसनांचे दर्जे व त्यानुसार दर ही पद्धत तेव्हापासून चालत आली आहे. स्वस्त जागांवर बसणाऱ्यांना उद्देशून ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला. त्यात थोडी तुच्छता असली, तरी नाटक चालणार की पडणार हे अनेकदा याच प्रेक्षकाच्या प्रतिसादावर ठरत असे.

तिकिटाचा दर कसा ठरतो

व्यावसायिक मराठी नाटकाच्या एका प्रयोगाचा खर्च नाट्यगृहाचे भाडे, कलाकार व तंत्रज्ञांचे प्रत्येक प्रयोगामागील मानधन (व्यवसायात याला ‘नाइट’ म्हणतात), नेपथ्याची वाहतूक आणि वर्तमानपत्रांतील जाहिराती यांत विभागलेला असतो. पडदा वर गेल्यानंतर रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते, पण प्रयोगाचा खर्च मात्र एका रुपयानेही कमी होत नाही. म्हणून कमी दर लावून सभागृह भरावे की जास्त दर लावून निम्म्या प्रेक्षकांवर भागवावे, हा निर्मात्यापुढील नेहमीचा प्रश्न आहे.

या निर्णयावर कररचनेचा मोठा प्रभाव आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा नाट्यप्रयोग, नृत्य व संगीताच्या कार्यक्रमांच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटांना करमाफी होती. जानेवारी २०१८ मध्ये ही मर्यादा ५०० रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. त्यापुढील तिकिटावर १८ टक्के कर लागतो आणि तो केवळ वरच्या फरकावर नव्हे, तर संपूर्ण रकमेवर आकारला जातो. याचा व्यवहारातील परिणाम लक्षणीय आहे. करासहित ५९० रुपयांना विकलेल्या तिकिटातून करपात्र निर्मात्याच्या हाती ५०० रुपयेच राहतात, म्हणजे करमुक्त ५०० रुपयांच्या तिकिटाइतकेच. पाचशे आणि पाचशे नव्वद यांच्या मधला कोणताही दर प्रेक्षकाला महाग व निर्मात्याला तोट्याचा ठरतो. अनेक मराठी नाटकांचे पुढच्या रांगांचे तिकीट ५०० रुपयांवर येऊन थांबलेले दिसते, त्यामागे हे गणित आहे. मागच्या रांगा व बाल्कनी यांचे दर साधारणतः याहून खाली, टप्प्याटप्प्याने लावले जातात.

फिरते प्रयोग

न्यू यॉर्क वा लंडन येथील व्यावसायिक नाटक एकाच नाट्यगृहात महिनोन्‌महिने, आठवड्यातून साधारणतः आठ वेळा होते. त्यामुळे तेथे रोज उरणाऱ्या तिकिटांचा साठा मोठा असतो आणि सवलतीच्या खिडकीला रोज विकण्यासारखे काही मिळते. मराठी व्यावसायिक नाटक मात्र फिरते असते. आज दादरच्या श्री शिवाजी मंदिरात, उद्या विलेपार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात, पुढच्या शनिवारी ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, तर रविवारी कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात, असा त्याचा क्रम असतो. बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, मुलुंडचे कालिदास, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह हीदेखील या फेरीतील नेहमीची ठिकाणे आहेत. यांपैकी बहुतेक नाट्यगृहे संबंधित महानगरपालिकांच्या मालकीची असून त्यांचे भाडे खाजगी सभागृहांच्या तुलनेत मर्यादित राहते.

या पद्धतीचा प्रेक्षकाला दुहेरी लाभ होतो. एक तर नाटक चालले, तर ते काही आठवड्यांत आपल्या उपनगरात येण्याची शक्यता असते. दादरच्या प्रयोगाला डोंबिवलीहून चौघांनी येणे आणि रात्री उशिरा स्टेशनवरून रिक्षाने घरी पोहोचणे यात जो खर्च होतो, तो घराजवळच्या प्रयोगाची वाट पाहिल्यास वाचतो. दुसरे म्हणजे, नव्या नाटकाच्या पहिल्या काही प्रयोगांना झुंबड असली, तरी पन्नासाव्या वा साठाव्या प्रयोगाला बाल्कनीतील तिकिटे सहज मिळतात. नाटक तोवर अधिक बांधीव झालेले असते, असे जाणकार प्रेक्षकांचे मत आहे. अर्थात, वाट पाहण्यात जोखीमही आहे. प्रतिसाद न मिळालेले नाटक पंधरा-वीस प्रयोगांतच बंद होऊ शकते आणि ते उपनगरात कधीच पोहोचत नाही.

कामाच्या दिवशी दुपारी होणारे प्रयोग आणि रविवारचा दुपारी चारचा प्रयोग यांनाही या संदर्भात महत्त्व आहे. दर तेच असले, तरी परतीसाठी लोकल सहज मिळते. ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थी यांच्या दृष्टीने ही बचत तिकिटातील सवलतीपेक्षा कमी नसते.

खिडकी आणि ऑनलाइन विक्री

प्रयोगांच्या जाहिराती मराठी दैनिकांत नियमित प्रसिद्ध होतात. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर प्रयोगाच्या काही दिवस आधी विक्री सुरू होते आणि आसनांचा तक्ता समोर पाहून जागा निवडता येते. ऑनलाइन विक्री बुकमायशो, तसेच खास मराठी नाटकांसाठी असलेले तिकिटालय यांसारख्या माध्यमांतून होते. तिकीट घेण्याआधी अंतिम रकमेत सेवाशुल्काची भर पडली आहे का, हे पाहणे इष्ट ठरते. ही रक्कम एका तिकिटामागे किरकोळ वाटली, तरी कुटुंबासाठी चार-पाच तिकिटे घेताना ती एका स्वस्त तिकिटाच्या जवळपास जाऊ शकते. खिडकीवर हा भार नसतो. मात्र तिथवर जाण्यायेण्याचा वेळ व खर्च जमेस धरावा लागतो. नाट्यगृहाजवळ राहणाऱ्या वा रोज त्या स्टेशनवरून जाणाऱ्या माणसालाच ती खऱ्या अर्थाने स्वस्त पडते.

स्वस्त आसन सर्वत्र सारखे नसते. मोठ्या नाट्यगृहाच्या बाल्कनीतून चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसत नाहीत, पण आवाज नीट पोहोचतो आणि रंगमंचाची संपूर्ण रचना दिसते. नृत्यप्रधान वा भव्य नेपथ्याच्या प्रयोगासाठी बाल्कनीची पहिली रांग कित्येकदा खालच्या शेवटच्या रांगांहून सरस ठरते. दोन पात्रांच्या संवादप्रधान नाटकाच्या बाबतीत उलटे घडते.

लहान रंगमंच व प्रायोगिक नाटक

मुंबईतील स्वस्त नाटकाच्या इतिहासात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘आविष्कार’ या संस्थेने १९७४ पासून तेथे प्रायोगिक नाटकांचे प्रयोग सुरू केले. सुलभा देशपांडे व अरविंद देशपांडे हे या संस्थेचे आधारस्तंभ होते. शाळेचे सभागृह, मोजके दिवे आणि साधी बैठकव्यवस्था यांमुळे खर्च कमी राहिला, तिकीट अल्प दरात देता आले आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोठा वर्ग या नाटकांकडे वळला. पुढे या प्रवाहाला ‘छबिलदास चळवळ’ असे नाव पडले.

जुहू येथील पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये शशी कपूर व जेनिफर केंडल यांनी सुरू केले. तेथे सुमारे २०० आसने असून प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. त्यामुळे कोणतेच आसन फार दूर नाही. आसनांना क्रमांक नसल्याने लवकर येऊन रांगेत उभे राहणाऱ्याला उत्तम जागा मिळते. येथे पैशाऐवजी वेळ खर्च करावा लागतो. तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश मिळत नाही, ही बाब लोकलच्या भरवशावर येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. अलीकडे वर्सोव्याच्या आराम नगर परिसरातील छोट्या स्टुडिओंमध्येही मोजक्या प्रेक्षकांसाठी प्रयोग होतात. आसने कमी असल्याने तेथील तिकीट नेहमीच स्वस्त असते असे मात्र नाही.

स्पर्धा

अत्यल्प खर्चात अधिकाधिक नाटके पाहण्याचा मार्ग म्हणून नाट्यस्पर्धांचा उल्लेख करावा लागेल, आणि सर्वसाधारण प्रेक्षकाचे सर्वाधिक दुर्लक्षही याच मार्गाकडे होते. महाराष्ट्र शासनाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली. सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे तिच्या प्राथमिक फेऱ्या राज्यभरातील केंद्रांवर घेतल्या जातात व तिकीटदर नाममात्र असतो. प्राथमिक फेरीतील नाटकांचा दर्जा असमान असतो, हे खरे. तथापि मराठी रंगभूमीवरील अनेक नामवंत लेखक, दिग्दर्शक व अभिनेते याच स्पर्धेतून पुढे आले.

महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांचेही असेच आहे. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वरात्री रंगते. अन्य स्पर्धांतील विजेत्या एकांकिका तेथे एकाच रात्रीत पाहावयास मिळतात. एका तिकिटात रात्रभर नाटक आणि उजाडता पहिली लोकल, असा हा हिशेब आहे.

संगीताच्या मैफली

संगीताच्या बाबतीत विनामूल्य श्रवणाची परंपरा नाटकापेक्षा खोल रुजलेली आहे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पुढे गिरगाव, दादर, विलेपार्ले येथील उत्सवांत शास्त्रीय गायन-वादनाच्या बैठका होऊ लागल्या आणि चाळीच्या चौकात वा रस्त्यावर बसून मोठ्या कलाकारांना ऐकलेल्या श्रोत्यांच्या पिढ्या घडल्या. २००० मध्ये लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर बंदी घातली. राज्य सरकार ठरावीक सणांच्या दिवशी त्यात मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. शांततेच्या दृष्टीने हे नियम आवश्यक होते, पण रात्रभर चालणाऱ्या खुल्या मैफली त्यामुळे जवळजवळ संपल्या. उत्तररात्रीचे राग प्रत्यक्ष ऐकण्याची ही स्वस्त वाटही त्याबरोबर आक्रसली. ‘दिवाळी पहाट’ हे कार्यक्रम पहाटेच्या वेळी, बहुधा प्रायोजकांच्या साहाय्याने होतात. त्यांपैकी पुष्कळांना विनामूल्य प्रवेशिका असतात.

नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाटक केंद्र (एनसीपीए) ही संस्था महागड्या कार्यक्रमांसाठी ओळखली जात असली, तरी नवोदित कलाकारांची ‘उमंग’ ही मालिका तेथे विनामूल्य असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फोर्ट भागात भरणारा काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून सुरू असून त्यातील कार्यक्रमांना प्रवेशमूल्य नसते. लोकप्रिय कार्यक्रमांसाठी रांग मात्र लांब असते. किंग्ज सर्कल येथील षण्मुखानंद सभागृहात अडीच हजारांहून अधिक आसने आहेत. एवढ्या मोठ्या सभागृहात वरच्या मजल्यांवरील तिकिटे तुलनेने कमी दरात ठेवता येतात. उपनगरांतील अनेक सांस्कृतिक मंडळे वार्षिक वर्गणी घेऊन सभासदांना वर्षभर ठरावीक नाटके व मैफली दाखवतात. नियमित जाणाऱ्याला ही योजना प्रत्येक तिकीट सुटे घेण्यापेक्षा परवडते, परंतु कार्यक्रमाची निवड मंडळाच्या हाती राहते.

मोठ्या संगीतसभा

आंतरराष्ट्रीय कलाकारांच्या मैदानी कार्यक्रमांत चित्र पूर्णपणे पालटते. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाने १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कार्यक्रम केले. सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री सुरू होताच तिकिटे संपली आणि मूळ दराच्या अनेक पटींनी ती अन्यत्र विकावयास ठेवल्याची प्रकरणे गाजली. नंतर याच कार्यक्रमांसाठी सुमारे २,००० रुपयांची काही तिकिटे स्वतंत्रपणे काढण्यात आली. ती जोडीनेच घ्यावी लागत. आसन मैदानात कोठे असेल, हे प्रत्यक्ष तिकीट हाती घेताना कळे. पुढचे आसन मिळेल की शेवटचे, हे आधी ठाऊक नसल्याने अशा तिकिटाचा काळाबाजार करणे अवघड जाते. अधिकृत विक्रेत्याखेरीज अन्यत्र घेतलेले तिकीट बनावट निघाल्यास वा रद्द ठरल्यास प्रवेश नाकारला जातो. गाजलेल्या कार्यक्रमाचे ‘स्वस्तात उरलेले’ तिकीट समाजमाध्यमांवर दिसल्यास ते संशयास्पदच मानावे.

मोफत प्रवेशिकांचा प्रश्न

विनामूल्य प्रवेशिका देताना बहुधा ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ आणि ‘काही जागा निमंत्रितांसाठी राखीव’ या दोन अटी एकत्र छापलेल्या असतात. दुसरी अट पहिलीला कितपत पुरून उरते, हे आयोजकावर अवलंबून असते. पहिल्या रांगा निमंत्रितांसाठी अडवून ठेवलेल्या व रिकाम्या, तर दाराबाहेर श्रोते उभे, असे दृश्य मुंबईकरांना अपरिचित नाही.

व्यावसायिक नाटकाच्या बाबतीत फुकट पासाविषयी नाराजी जुनी आहे. ओळखीने पास मागणारा प्रेक्षक बहुधा तिकीट परवडणारा असतो, तर ज्याला परवडत नाही त्याची निर्मात्याशी ओळख नसते. प्रयोगाचे उत्पन्न कमी झाले की त्याची भरपाई तिकीटदर वाढवून किंवा प्रयोगसंख्या घटवून करावी लागते आणि दोन्हींचा भार बाल्कनीचे तिकीट खिडकीवर विकत घेणाऱ्यावर पडतो.