टेपवर राहिलेली बटणांची टिकटिक

बॉब डिलनच्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ची गाणी सप्टेंबर १९७४मध्ये न्यू यॉर्कच्या ए अँड आर स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. पहिल्या दिवशी एरिक वाइसबर्गचा अख्खा बँड हजर होता. दुसऱ्या दिवसापासून मुख्य साथ उरली ती बेसवादक टोनी ब्राऊनची. काही टेकमध्ये डिलनच्या जाकिटाची बटणं गिटारवर आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो तसाच ठेवला, हे फार चांगलं झालं. माणूस किती जवळ बसून गातोय, हे त्यातून कळतं.

अल्बम तयार झाल्यावर भाऊ डेव्हिडच्या सल्ल्यावरून डिलनने डिसेंबरअखेरीस मिनिआपोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत पाच गाणी नव्याने केली. साथीला स्थानिक वादक होते. पण कव्हरं आधीच छापून झाली होती, त्यामुळे जानेवारी १९७५मध्ये आलेल्या अल्बमवर त्यांची नावं आलीच नाहीत.

२०१८च्या ‘मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स’ या सहा सीडींच्या संचात न्यू यॉर्कचे सगळे टेक क्रमाने आहेत. १९७४मध्ये बऱ्याच गाण्यांच्या टेपचा वेग दोन-तीन टक्क्यांनी वाढवला होता; इथे तो मूळ पातळीवर आणला आहे. आवाज किंचित खाली उतरतो आणि गाणं जास्त जड होतं. ‘इडियट विंड’ दोन्ही रूपांत ऐकाच: मिनिआपोलिसमध्ये संताप उसळतो, न्यू यॉर्कमध्ये तोच माणूस खचलेला वाटतो. मला न्यू यॉर्कचं रूप अधिक खरं वाटतं. मिनिआपोलिसची मात्र अल्बममध्ये घेतलेली पाच गाणीच उरली आहेत.