दोन मुक्त गट शेजारी आले की

गट सिद्धांतात मुक्त गटाइतका सरळ स्वभावाचा गट शोधून सापडायचा नाही. क आणि ख ही दोन अक्षरे घ्यायची, त्यांची व्यस्ते क′ आणि ख′ घ्यायची आणि हवे तेवढे लांब शब्द बनवायचे. अक्षर आणि त्याचे व्यस्त लागोपाठ आले की दोन्ही खोडायची. नियम एवढाच. त्याचे उपगटही तितकेच गुणी. याकोब नीलसन यांनी १९२१ मध्ये सांत जनकांच्या उपगटांसाठी, तर ओटो श्रायर यांनी १९२७ मध्ये सगळ्याच उपगटांसाठी सिद्ध केले, की मुक्त गटाचा उपगट मुक्तच असतो. सांत जनकांचा म्हणजे मोजक्या घटकांपासून पुरा उभा राहणारा. अशा दोन उपगटांचा छेदही सांत जनकांचाच असतो, हे १९५४ मध्ये हॉवसन यांनी दाखवले.

मग असे दोन गट शेजारी ठेवून त्यांचा सरळ गुणाकार घेतला, तर बिघडण्यासारखे काय आहे? पहिल्या गटाची अक्षरे क, ख आणि दुसऱ्याची च, छ. दोन्ही गट एकमेकांच्या वाटेला जात नाहीत; कच आणि चक एकच. तरीही बिघडते, आणि चांगलेच बिघडते.

हे पहिल्यांदा ठसठशीतपणे दाखवले मिखाइलोवा या सोव्हिएत गणितज्ञ बाईंनी, १९५८ मध्ये. त्याआधी १९५५ मध्ये नोविकोव्ह यांनी सिद्ध केले होते, की मोजके जनक आणि मोजके संबंध (म्हणजे एककाइतके मानलेले शब्द) देऊन असा गट मांडता येतो, ज्यात दिलेला शब्द एककाइतका आहे की नाही हे ठरवणारी कोणतीही यांत्रिक रीत असूच शकत नाही. मिखाइलोवांनी हा बिकट गट दोन मुक्त गटांच्या गुणाकारात उतरवला. ज्या दोन शब्दांची किंमत त्या बिकट गटात सारखी येते, त्यांच्या जोड्या घ्यायच्या. या जोड्यांचा उपगट होतो, आणि त्याला जनक मोजकेच लागतात: प्रत्येक अक्षराची स्वतःशीच जोडी, आणि एककाची प्रत्येक संबंधाशी जोडी. आता एकक आणि एखादा शब्द ही जोडी उपगटात आहे का, असे विचारणे म्हणजे तो शब्द बिकट गटात एककाइतका आहे का, असेच विचारणे. त्याला उत्तर देणारी रीत नाही. युक्ती दोन ओळींची, पण तिने गुणाकाराच्या साधेपणावरचा विश्वास कायमचा मोडला.

पण मिखाइलोवांच्या उपगटात फक्त जनक मोजके आहेत. त्यांच्यातले संबंध मोजके असतीलच असे नाही. खरी मेख इथेच आहे. सांततेच्या पायऱ्या असतात. पहिलीवर जनक सांत, दुसरीवर संबंधही सांत, तिसरीवर संबंधांमधले संबंध सांत, आणि असेच पुढे. सी. टी. सी. वॉल यांनी १९६५ मध्ये या पायऱ्यांना संस्थितिशास्त्राच्या भाषेत नेमके रूप दिले.

पायऱ्या कशा चढतात ते एका उदाहरणात हाताने पाहता येते. प्रत्येक अक्षराला एक गुण द्यायचा, व्यस्ताला उणे एक, आणि ज्यांची बेरीज शून्य येते तेवढेच शब्द ठेवायचे. एकाच मुक्त गटात हा उपगट सांत जनकांचा नसतो. खक′ घ्या, त्याच्या डावीकडे कितीही क आणि उजवीकडे तितकेच क′ लावा; दर वेळी नवा, स्वतंत्र जनक मिळतो. आता च आणि छ यांना सोबत घ्या. कच′ हा शब्दही शून्य बेरजेचा, म्हणजे उपगटातलाच. त्याने खक′ ला दोन्हीकडून वेढले, तर च मधून निसटून जातो आणि नुसत्या क ने वेढल्यासारखेच फळ मिळते. अनंत जनकांचे ओझे एका शब्दाने उचलले. कख′, कच′ आणि कछ′ हे तीनच शब्द सगळ्या उपगटाला पुरतात. संबंध मात्र अजून अनंत लागतात. तिसरा मुक्त गट जोडला की तेही सांत होतात, पण अडचण तिसऱ्या पायरीवर सरकते. जॉन स्टॉलिंग्ज यांनी १९६३ मध्ये हाच गट मांडला: संबंध सांत, पण तिसरी होमॉलॉजी सांत जनकांची नाही, म्हणजे तिसरी पायरी अडते. पुढे रॉबर्ट बीएरी यांनी दाखवले, की जितके मुक्त गट घ्याल तितव्या पायरीवर हा उपगट अडतो, त्याच्या आधी नाही.

१९९७ मध्ये बेस्टव्हिना आणि ब्रेडी यांनी यामागची भूमिती उघड केली. एका गटाशी दोन सुटे बिंदू जोडलेले असतात, दोन गटांशी चौकोनाची कड, तीन गटांशी अष्टफलकाचा पोकळ पृष्ठभाग. सुटे बिंदू जनक अडवतात, चौकोनातले भोक संबंध अडवते आणि अष्टफलकाची पोकळी तिसरी पायरी. गणितात इतका नितळ खुलासा क्वचितच हाती लागतो.

तरीही या विषयाचे खरे वळण आले १९८४ मध्ये. बाउमस्लाग आणि रोझब्लेड यांनी आधी दाखवले, की दोन मुक्त गटांच्या गुणाकारातले सांत जनकांचे उपगट अगणित प्रकारचे असतात. त्यांची यादी कुणाला करता येणार नाही. आणि त्याच लेखात सिद्ध केले, की संबंधही सांत असावेत एवढीच अट घातली तर हा सगळा पसारा नाहीसा होतो. असा उपगट एकतर मुक्त असतो, नाहीतर त्याच्या आत सांत निर्देशांकाचा, म्हणजे मोजक्याच सरकवलेल्या प्रतींनी सगळा उपगट व्यापणारा, मुक्त गटांचा साधा गुणाकार बसलेला असतो. सांततेची अट हिशेबाच्या सोयीची नाही. रान आणि वस्ती यांची सीमा तीच आखते.

दोनाहून अधिक घटकांसाठी ही सीमा ब्रिडसन, हावी, मिलर आणि शॉर्ट या चौघांनी आखली. त्यांचा ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मधला २००९ चा लेख सेला यांच्या सीमा-गटांपर्यंत, म्हणजे मुक्त गटांना सामावणाऱ्या अधिक व्यापक वर्गापर्यंत, पोचतो. २०१३ मध्ये त्यांनी वापरायला सोपी कसोटी दिली: सांत मांडणीच्या गटांच्या गुणाकारातला उपगट घटकांच्या प्रत्येक जोडीवर, सांत निर्देशांकाचा फरक सोडल्यास, पूर्ण पसरत असेल, तर त्याचीही मांडणी सांत असते. जोडीच्या जागी तीन-तीन, चार-चार घटक घेतले तर तिसरी, चौथी पायरी मिळावी, असे अनुमान आहे. बेन्नो कुकुक यांनी २०१४ मध्ये त्याच्या काही बाबी सोडवल्या.

या विषयात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने जाड ग्रंथापासून सुरुवात करू नये. वर दिलेले तीन शब्द घ्यावेत, त्यांतून चछ′ आधी काढावा, मग खच′, आणि ते तीनच सगळ्या उपगटाला का पुरतात हे कागदावर स्वतः पडताळावे.