चंद्रावरून पृथ्वीचे वलय टिपणारा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ

बाळापूरच्या किल्ल्यावरून रात्री वर पाहिले तर चांदण्या दिसतात. पण पृथ्वीला वेढून असलेला प्लाझ्मा दिसत नाही. प्लाझ्मा म्हणजे काय? पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये असतो तो विजेने भारलेला वायू. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे उंचावरच्या हवेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तिथेही असाच वायू तयार होतो. त्याची मंद चमक मुख्यतः अतिनील प्रकाशात असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि खालची हवा ती जमिनीपर्यंत येऊही देत नाही. शिवाय घरात बसून घराचे छप्पर बाहेरून कसे दिसणार? त्यासाठी दूर जावे लागते.

तो दूरचा डोळा तयार केला जॉर्ज कॅरदर्स यांनी. १९३९ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी पुठ्ठ्याची नळी आणि टपालाने मागवलेली भिंगे जोडून त्यांनी दुर्बीण बनवली. बाराव्या वर्षी वडील वारले. पण शिक्षण सुटले नाही. १९६४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला बंदी घालणारा कायदा झाला.

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ च्या अंतराळवीरांनी कॅरदर्स यांचा सोन्याचा मुलामा दिलेला कॅमेरा चंद्रावर उभा केला. चंद्रावरची ही पहिली वेधशाळा! पृथ्वीभोवतीचे हायड्रोजनचे विस्तीर्ण वलय, ध्रुवांजवळचा प्रकाश आणि विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना चमकणारे प्लाझ्माचे पट्टे या छायाचित्रांत उमटले. यांपैकी उत्तरेकडचा पट्टा भारतात भोपाळ-अहमदाबादच्या आसपासच्या आकाशातून जातो. म्हणजे आपल्या वऱ्हाडापासून तो फार लांब नाही.

पुढे २००० साली सोडलेल्या 'इमेज' या उपग्रहाने संपूर्ण प्लाझ्मा-वेढ्याची चित्रे वारंवार घेतली. सूर्यावरून वादळ आले की या वेढ्याचा बाहेरचा भाग कसा ओढला जातो, हे त्यांत दिसले. हा अभ्यास केवळ कुतूहलापुरता नाही. अशा वादळांत रेडिओचे संदेश बिघडतात आणि मोबाईलवरील नकाशाला जागा दाखवणारी उपग्रह-यंत्रणाही चुकू शकते.

कॅरदर्स २०२० मध्ये निवर्तले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी हेच वलय पाहण्यासाठी अमेरिकेने अवकाशात सोडलेल्या वेधशाळेला त्यांचे नाव दिले आहे. तरुण विद्यार्थ्यांना विज्ञानाकडे वळवण्यासाठीही ते आयुष्यभर झटले.

तेव्हा माता-पित्यांनो, आपला मुलगा किंवा मुलगी भिंग आणि पुठ्ठा घेऊन काही जोडत बसली असेल, तर रागावू नका. जवळ बसा आणि विचारा, "यातून काय दिसतं गं?"