अंगणातलं रान (लेखांक ५) : आंब्याखालचे कवडसे

मागच्या आठवड्यात आपण माती पाहिली. आता सावली. ‘आंब्याखाली काही येत नाही हो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. येत नाही, कारण तिथे आपण गुलाब आणि झेंडू लावतो आणि त्या बिचाऱ्यांना दिवसभर ऊन हवं असतं. सह्याद्रीच्या रानात मोठ्या झाडांखाली सुखानं वाढणारी कितीतरी झाडं आहेत. त्यांनाच घरी बोलवायचं.

त्याआधी एक सुट्टीचा दिवस झाडाखाली काढा. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला कवडसे कुठे पडतात, तिथे चुन्याची खूण करा. कवडसे फिरतात त्या जागी पेव, रानहळद, सोनटक्का, अबोली. ऊन अजिबात शिरत नाही तिथे नेचे आणि हंसराज. कवडसाच नसेल, तर आंबे उतरवल्यावर खालच्या एक-दोन फांद्या काढा आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा.

सावली आहे म्हणजे ओल असेलच, असं मात्र समजू नका. हलकी सर आली तर बरंचसं पाणी पानांवरच राहतं. जे खाली पोचतं ते आंब्याची मुळं ओढून घेतात. ही मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात, म्हणून कुदळ नको. खुरप्यानं मुळांच्या मधली जागा शोधून रोप लावावं. बुंध्याला मातीची भर तर कधीच घालू नये, साल कुजते.

आणि झाडू आवरा. या बागेचं सगळं मर्म इथे आहे. देवराईत वाळकी काटकीही उचलत नाहीत, म्हणून तिथली जमीन पावलाखाली मऊ लागते. माझ्या आंब्याखाली तीन वर्षं पाचोळा तसाच आहे. परवा हातानं बाजूला केला. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची काळी पडून नुसती शिरांची जाळी उरलेली, त्याच्याही खाली बुरशीचे पांढरे धागे आणि पहिल्या पावसासारखा वास. चार बोटं थर पुरे. घराच्या भिंतीपासून तो दोन-तीन हात लांब ठेवा, म्हणजे विंचू-काट्याची धास्ती राहणार नाही.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुमच्या हातून होऊ नये. पहिल्या हिवाळ्यात रानहळदीची पानं पिवळी पडून गळाली. रोपं मेली असं वाटून मी तो वाफा उकरून टाकला, कंदांसकट! ती मेली नव्हती, झोपली होती. पेव, रानहळद, भुईचाफा पावसाळा संपला की पानं टाकून जमिनीखाली जातात. तेव्हा कंद जिथे आहेत तिथे बांबूची काडी खोचून ठेवा आणि पाणी थांबवा. भुईचाफा तर ऐन उन्हाळ्यात, पान यायच्याही आधी, थेट मातीतून सुगंधी फूल काढतो. पेवाची पांढरी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुलं पावसाळ्यात येतात आणि त्यांच्यामागचं लाल बोंड फूल गळल्यावरही कितीतरी दिवस टिकतं.

एक कळकळीची विनंती. पावसाळी सहलीला घाटात गेलात, की सापकांदा, शेवळ, आमरी पाहून हात शिवशिवतील. उपटून आणू नका. सोनटक्का आणि पेव रोपवाटिकेत मिळतात, शेजारच्या परसातूनही एखादा कंद मागून आणता येतो. रानातलं रानातच राहू द्या.